क्रूझची केबिन घेताना बाल्कनीचा विचार नंतर, आधी जागा बघा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या फॅमिली ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "क्रूझ बुक करतोय, बाल्कनी घेऊ का?" २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही क्रूझ बोट मुंबईहून निघायला लागली तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढलाय, कारण आता व्हिसा नको, विमान नको, बॅलार्ड पिअरला टॅक्सीने गेलं की झालं. आणि सिंगापूरची टूर घेणारे बरेच जण तिकडून तीन-चार रात्रींची क्रूझ जोडूनच घेतात. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच, बाल्कनी की खिडकी की बिनखिडकीची. मी दर वेळी सांगते की हा प्रश्न दुसरा आहे हो. पहिला प्रश्न म्हणजे ती केबिन बोटीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे, तिच्या डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे, आणि तिच्यात झोपणार कोण आहे. हे बघून घेतलेली साधी इनसाईड, म्हणजे बिनखिडकीची, केबिन ही न बघता घेतलेल्या महागड्या बाल्कनीपेक्षा कितीतरी सुखाची असते, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतेय कारण आईबाबांना, बहिणीच्या मुलांना, सासूबाईंना सगळ्यांना घेऊन आम्ही फिरतो आणि केबिन निवडायचं काम माझ्याकडेच असतं.

आधी हलण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. बोट दोन प्रकारे हलते. एक म्हणजे डावीउजवीकडे कलते, आणि दुसरं म्हणजे पुढचं टोक वर मागचं खाली, मग उलट. डावीउजवीकडचं कलणं कमी करायला आजकालच्या मोठ्या क्रूझना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बऱ्यापैकी काम करतात. पण पुढचं-मागचं जे वरखाली होतं ना, त्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. ते बागेतल्या सी-सॉ सारखं आहे, टोकाला बसलेला वरखाली होतो आणि मधे बसलेला जवळपास जागच्या जागी असतो. म्हणून लांबीच्या दृष्टीने मधली केबिन. आणि उंचीच्या दृष्टीने खालची, कारण बोट कलते तेव्हा वरचे डेक, म्हणजे मजले, जास्त झुलतात. म्हणजे मधोमध आणि खालचा डेक, ही सगळ्यात स्थिर जागा. आता गंमत बघा, खालच्या डेकच्या केबिन बहुतेक वेळा स्वस्त असतात! वरच्या डेकला जास्त पैसे घेतात कारण तिथे लोकांना हॉटेलच्या वरच्या मजल्यासारखं वाटतं, पण ज्यांना बोट लागते त्यांनी वरचं जास्त पैसे देऊन कशाला घ्यायचं.

ही अक्कल कोकणातल्या लोकांना पूर्वीपासून होती. माझे आजोबा मालवणला जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, तेव्हा ना कोकण रेल्वे होती ना आताचे रस्ते, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत करत बोट खाली जायची आणि पावसाळ्यात तर बंदच असायची. आजी सांगायची की डेकवर चादर अंथरायची तर मधे अंथरायची, पुढे गेलं की उलट्या सुरू. बंदर आलं की बोट आत लांब उभी राहायची आणि पडावात उतरून किनाऱ्याला जायचं. आज लक्षद्वीपच्या क्रूझवरही तेच होतं बरं का, मोठी बोट बेटाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबते आणि छोट्या बोटीतून आपल्याला नेतात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होऊ शकतं, आणि मग तो पूर्ण दिवस बोटीवरच जातो. त्या दिवशी केबिन चांगली असली पाहिजे, कारण सगळे वैतागलेले असतात, लहान मुलं चिडचिडी झालेली असतात आणि आई म्हणत असते मी जरा पडते.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, पण लोक याच्याकडे बघतही नाहीत. आवाज! क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल म्हणतात ते खरं, पण हॉटेलात डिस्को आणि तुमची खोली यांच्यात चार मजले असतात, इथे एक पत्रा असतो. म्हणून डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडायचा, कंपनीच्या वेबसाइटवर असतोच, मोबाइलवर नीट दिसत नाही म्हणून लॅपटॉपवर उघडा, आणि आपल्या केबिनचा डेक, त्याच्या वरचा डेक आणि खालचा डेक असे तीनही शेजारी शेजारी ठेवून बघायचे. वर पण केबिन आणि खाली पण केबिन असेल तर डोळे मिटून घ्या. पण वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे पहाटे डेकवरच्या खुर्च्या ओढण्याचा जो आवाज येतो तो विसरता येत नाही. वर बफे किंवा किचन असेल तर ट्रॉल्या फिरतात, आणि किचन काही रात्री दहाला बंद होत नाही, सकाळच्या नाश्त्याची तयारी मध्यरात्रीच सुरू होते. वर जिम असेल तर ट्रेडमिलची धपधप. खाली थिएटर किंवा लाउंज असेल तर रात्री उशिरापर्यंत बेस ऐकू येतो, गाणं नाही ऐकू येत हं, नुसता बेस, आणि तोच जास्त त्रास देतो. आणि आपल्याकडच्या क्रूझवर डीजे असतोच असतो, लोक त्यासाठीच येतात, त्यांनी मजा करावी, आपण फक्त त्याच्या डोक्यावर झोपू नये.

अजून एक, प्लॅनवर कधीकधी पांढरी रिकामी जागा दिसते, काही लिहिलेलंच नसतं. ती रिकामी नसते. तिथे स्टाफचं काहीतरी असतं, स्टोअर, पॅन्ट्री, त्यांच्या येण्याजाण्याचे दरवाजे. त्याच्या शेजारची केबिन टाळलेली बरी.

अगदी पुढच्या खालच्या केबिनला नांगराची साखळी ऐकू येते, म्हणजे जिथे नांगर टाकून उभं राहायचं तिथे, लक्षद्वीपला वगैरे. आणि धक्क्याला लागताना बोटीला आडवं सरकवायला पुढे पाण्याखाली थ्रस्टर असतात ते चालू झाले की पूर्ण पलंग थरथरतो, आणि बोटी बंदराला लागतात सकाळी सकाळी, म्हणजे सुट्टीवर असून गजर नको असताना गजर. अगदी मागच्या केबिनला प्रोपेलरची कंपनं येतात, जुन्या बोटींवर जास्त. एम्प्रेस १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली आहे, आधी ती रॉयल कॅरिबियनकडे होती, तेव्हा अशा बोटीवर अगदी मागचं टोक नको हे लक्षात ठेवायला हरकत नाही. बोट जुनी आहे म्हणजे वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, आम्हाला ती आवडते, स्टाफ प्रेमळ आहे आणि जेवणात आपल्या लोकांना कळतील असे पदार्थ असतात. फक्त ती त्या काळातली आहे म्हणून केबिन लहान आहेत आणि बाल्कनीवाल्या केबिन मोजक्याच, कारण सगळ्या बोटभर बाल्कन्या द्यायची पद्धत नंतर आली. हे माहीत असलं म्हणजे तिथे गेल्यावर मन खट्टू होत नाही.

कनेक्टिंग दरवाजाचं पण बघा. दोन केबिनच्या मधे दार असतं, प्लॅनवर त्याची छोटीशी खूण असते. दोन्ही केबिन आपल्याच असतील तर याच्यासारखं सुख नाही, मुलं इकडून तिकडे. पण शेजारी अनोळखी असतील तर त्या दारातून सगळं ऐकू येतं, त्यांचा टीव्ही, त्यांची भांडणं, त्यांचे फोन.

आईबाबांना नेत असाल तर तुमचा सगळा विचार तिथून सुरू झाला पाहिजे असं माझं मत आहे. माझ्या आईच्या गुडघ्यांना लांब चालणं जमत नाही. आणि लोकांना अंदाज नसतो की ही बोट केवढी लांब असते, एम्प्रेस दोनशे मीटरच्या वर आहे आणि पूर्वी सिंगापूरहून निघणारी स्पेक्ट्रम ऑफ द सीज तर साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला डायनिंग हॉल असेल तर दिवसातून चार वेळा जाऊन येऊन आईचं फिरणं तिथेच संपतं. म्हणून लिफ्टच्या जवळ, पण अगदी लिफ्टसमोर नाही, कारण लिफ्टसमोर रात्री उशिरापर्यंत घोळके उभे राहून गप्पा मारतात. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून घ्यायची. आणि आईला विचारून बघा तिला कुठे जास्त वेळ बसायचंय, माझ्या आईला डेकवर समुद्र बघत बसायचं असतं आणि जेवायला जायचं असतं, बाकी कॅसिनो नि शोशी तिला काही देणंघेणं नाही, मग मी तिच्या दोन जागा आणि केबिन यांच्यातलं अंतर कमीत कमी ठेवते.

बाथरूमला उंबरा असतो, हे आधी माहीत असू द्या. चांगला उंच असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री झोपेत उठून बाथरूमला जाणाऱ्या माणसाला तो दिसत नाही, आणि बोट थोडी हलत असेल तर पडायची भीती. आम्ही एक छोटा नाइट लॅम्प नेतो. ज्यांना खरंच चालायला त्रास आहे, व्हीलचेअर आहे, त्यांच्यासाठी वेगळ्या केबिन असतात, दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, पकडायला दांडे, शॉवरमध्ये बसायची सोय. पण त्या अख्ख्या बोटीवर थोड्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून बुकिंगच्या वेळीच मागायच्या, नंतर बघू म्हणून चालत नाही.

बरं, आता प्रकारांकडे येऊ.

इनसाईड केबिन. लोक नाक मुरडतात, मला आवडते. खिडकी नाही म्हणजे दिवा बंद केला की ठार काळोख, इतका की हात दिसत नाही, आणि ज्यांना गाढ झोप हवी त्यांच्यासाठी हे वरदान आहे. पण सकाळ झाली की नाही हेच कळत नाही. टीव्हीवर बहुतेक क्रूझना बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं की बाहेर उजाडलं की खोलीत उजाडतं. स्पेक्ट्रमसारख्या नव्या बोटींवर तर इनसाईड केबिनमध्ये भिंतीएवढा स्क्रीन असतो आणि त्यावर बाहेरचा समुद्र लाइव्ह दिसतो. ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांनी मात्र इनसाईड घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी. आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी थोडा विचार करावा लागतो, कारण बोट लागते ती डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय, त्या गोंधळामुळे. क्षितिजाकडे बघितलं की डोळे आणि कान यांचं जुळतं आणि बरं वाटतं. इनसाईडला क्षितिज नाही. मग एकतर वर डेकवर जायचं किंवा खिडकीची केबिन घ्यायची.

खिडकीची केबिन, म्हणजे ओशनव्ह्यू, ही मला आपल्याकडच्या क्रूझसाठी सगळ्यात योग्य वाटते. उजेड येतो, समुद्र दिसतो, किंमत आवाक्यात. खिडकी उघडत नाही हे लक्षात घ्या, काहींना वाटतं वारा येईल, नाही येत. खालच्या डेकवर गोल छोटी खिडकी असते, वर मोठी चौकोनी. फक्त "ऑब्स्ट्रक्टेड" असं लिहिलंय का ते बघा, म्हणजे समोर लाइफबोट लटकलेली असते आणि तुम्हाला समुद्राऐवजी नारंगी फायबर दिसतं. ते स्वस्त असतं आणि नुसता उजेड हवा असेल तर चांगला सौदा आहे, पण माहीत असून घ्यावा. काही बोटींवर खिडकीबाहेर लोकांचा फिरायचा रस्ता असतो, मग दिवसभर पडदा लावून बसायचं. आणि अगदी पुढे तोंड केलेली केबिन घेतलीत तर रात्री पडदे लावून ठेवायला सांगतात, कारण आपल्या दिव्यांच्या उजेडाने वर ब्रिजवरून बोट चालवणाऱ्यांना पुढचं नीट दिसत नाही.

आता बाल्कनी. मुंबई-गोवा दोन रात्रींसाठी बाल्कनीला पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगते. संध्याकाळी निघतो, सगळे वर डेकवर असतात आणि असायलाच पाहिजे, कारण बोट बंदरातून बाहेर पडताना उजव्या हाताला ताज आणि गेटवे मागे जातात, मग कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्ज लाइटहाउस, डावीकडे लांब अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी, हे सगळं मोकळ्या डेकवरून दोन्हीकडे बघायचं असतं, एका बाजूच्या बाल्कनीतून अर्धंच दिसेल. मग जेवण, शो, झोप. सकाळी मुरगाव. बाल्कनीत बसणार कधी? शिवाय आपल्याकडे समुद्राची हवा दमट आणि खारट, पाच मिनिटांत अंग चिकचिकतं, दार उघडं ठेवलं तर बऱ्याच बोटींवर केबिनचा एसी बंद पडतो.

पण अलास्का! तिथे बाल्कनी घ्याच. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील हल्ली सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्का क्रूझला जातात, सीझन मे ते सप्टेंबर, आणि तिथे बोट कितीतरी वेळ दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून सावकाश जाते. बाहेर थंडी असते, वर डेकवर फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा शाल गुंडाळून आपल्याच बाल्कनीत चहा घेऊन बसायचं आणि वाटलं तर आत यायचं, याची किंमत पैशात होत नाही. ग्लेशियर बे मध्ये दिवसाला दोनच क्रूझना सोडतात, आणि हिमनदीसमोर बोट हळूहळू गोल फिरवतात, म्हणजे डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना दिसतं, तिथे बाजूची काळजी करायची गरज नाही. नॉर्वेच्या फियोर्डना, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यांना, पण माझं हेच मत आहे. थोडक्यात जिथे बोट चालताना जवळ बघण्यासारखं आहे तिथे बाल्कनी, जिथे रात्रभर नुसता काळा समुद्र आहे तिथे नाही. आणि ज्यांना एकांत हवाय, नवीन लग्न झालेले, किंवा ज्यांना गर्दीचा त्रास होतो, त्यांनी कुठेही घ्यावी, त्यांचा हिशोब वेगळा.

बाजू कुठली? सोपं आहे. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. परत येताना उलट. बऱ्याच बोटींवर सम नंबरच्या केबिन डावीकडे आणि विषम उजवीकडे असतात, पण गृहीत धरू नका, प्लॅनवर बघा. नंबरातला पहिला आकडा बहुधा डेकचा असतो.

चौघांचं कुटुंब असेल तर एका केबिनमध्ये चौघांना देतात, दोन पलंग खाली आणि दोन बंक वर भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे. भाडं माणशी असतं आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला कमी लागतं, म्हणून स्वस्त वाटतं. पण बाथरूम एकच, आणि तेही एवढंसं! सकाळी नऊला किनाऱ्यावर उतरायचंय आणि चौघांच्या अंघोळी. मोठी मुलं असतील तर एका बाल्कनीच्या पैशात दोन इनसाईड कनेक्टिंग मिळतात का ते आधी विचारा, दोन बाथरूम मिळतात आणि सगळ्यांची डोकी शांत राहतात. वरच्या बंकवर कोण चढणार हे घरीच ठरवा, सासूबाईंना शिडी चढायला लावू नका आणि अगदी लहान मुलाला पण वर झोपवू नका. एकट्याने जाणाऱ्यांना मात्र जवळपास दोघांचे पैसे पडतात, केबिन दोघांची धरूनच भाव लावलेला असतो, म्हणून मैत्रीण शोधा.

"गॅरंटी केबिन" म्हणून एक प्रकार असतो, प्रकार तुम्ही निवडायचा, नंबर कंपनी देणार, थोडं स्वस्त. कॉलेजच्या पोरांनी खुशाल घ्यावी. आईबाबांसाठी कधीच नाही. टूरवाल्यांकडून जाताना पण केबिन नंबर लेखी मागून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर जोडप्याला टूरवाल्याने "सी व्ह्यू आहे" एवढंच सांगितलं आणि प्रत्यक्षात अगदी पुढच्या टोकाची केबिन निघाली, काकूंनी प्रवासाचा निम्मा वेळ पलंगावर काढला. नंबर आधी मिळाला असता तर डेक प्लॅनवर पाच मिनिटांत कळलं असतं आणि बदलूनही मागता आली असती. टूरवाले म्हणतात नंबर नंतर मिळेल, तेव्हा निदान "मधली, लिफ्टजवळची हवी" हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून तरी ठेवा.

बोट लागायची भीती असेल तर केबिनबरोबर महिना पण निवडा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, थंडीत आणि त्याच्या पुढेमागे बऱ्यापैकी शांत. आलेपाक आम्ही नेतोच. अ‍ॅव्होमिनची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यायची असते, आणि तिने झोप येते, म्हणून बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि बोटीवर पोचलात की बॅगा उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत सगळ्यांनी, आईबाबांनी पण, एकदा चालून या आणि दारं मोजा, कारण लाइट गेले किंवा भोंगा वाजला तर लिफ्ट वापरायची नसते आणि सगळे कॉरिडॉर सारखेच दिसतात. कुठे जमायचं ते केबिनच्या कार्डवर लिहिलेलं असतं, ते मुलांना वाचायला लावा. दुसरं म्हणजे पाच मिनिटं गप्प बसून ऐका, कसला आवाज येतोय, एसी चालतोय का, बाथरूममध्ये वास येतोय का. काही खटकलं तर लगेच रिसेप्शनला जा, बोट निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या, कारण कुणी आलं नाही म्हणून एखाददुसरी केबिन रिकामी असू शकते आणि पहिल्या तासात नम्रपणे विचारणाऱ्याला ती मिळते, रात्री अकराला चिडून येणाऱ्याला नाही. कुणाला जायचं असेल आणि दोन-तीन केबिनमध्ये गोंधळ होत असेल तर बोटीचं नाव आणि केबिन नंबर कमेंटमध्ये टाका, बरोबर कोण कोण आहे ते पण लिहा, मी डेक प्लॅन बघून सांगेन.